सात ऑक्टोबर कुणाचा?

बदलापूरला लोक राहायला जातात, फिरायला कोणी जात नाही. मीही आजवर तिथं गेले ती बहिणीकडे, चार दिवस राहून परत येण्यासाठी. यंदा मात्र खऱ्या अर्थानं प्रवासाला म्हणून गेले, आणि माणसं हिमालयातून परततात तशा उत्साहानं परतले. आमच्या वाईतल्या वाचकांना हे वाचून हसू येईल. येऊ द्या. मला स्वतःलाही अजून नवल वाटतं आहे.

माझी ताई अंबरनाथच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. राहायला बदलापूरला, चामटोली गावाच्या वाटेवर, मागं मोकळं अंगण असलेल्या बैठ्या घरात. त्या अंगणात चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लाकडी पेटी होती, चारही बाजूंना तिरप्या झडपा असलेली. ऊन आत येऊ नये पण हवा खेळावी अशी तिची रचना. आत थर्मामीटर. ताई रोज सकाळी सातला पेटीचं दार उघडून आदल्या दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान बघायची आणि मग मला फोन करायची. "आज काय?" एवढाच प्रश्न. मी आमच्या खिडकीबाहेरच्या साध्या थर्मामीटरचा आकडा सांगायची, ती तिचा सांगायची. दुसऱ्या बहिणी फोनवर सुनांबद्दल बोलतात, आम्ही पाऱ्याबद्दल बोलायचो. आषाढात ताई गेली. तेव्हापासून सकाळी सातला मी फोनजवळ बसते आणि थोड्या वेळानं उठते.

सप्टेंबरअखेर अंबरनाथहून गायकवाडांचा फोन आला. रोजचं तापमान बघणारे हौशी तिघं होते: बदलापूरला ताई, अंबरनाथला गायकवाड आणि उल्हासनगरला जेठानंद. पाऊस परतीला लागतो आणि थंडी अजून यायची असते, त्या मधल्या दिवसांचा एक तक्ता त्यांनी करायला घेतला होता. प्रत्येक तारखेपुढे तिन्ही गावांत मिळून आजवरचं सर्वांत जास्त तापमान, गाव आणि नोंद करणाऱ्याचं नाव. अंबरनाथ पश्चिमेच्या एका वाचनालयात तो लागणार होता. मी जन्मभर ग्रंथालयात काम केलं, अक्षर बरं आहे, म्हणून तक्ता मी लिहावा असं गायकवाडांचं म्हणणं. "आणि मॅडम, एक भानगड पण आहे," ते म्हणाले. "सात ऑक्टोबरची."

सात ऑक्टोबरचा आकडा ताईचा होता. एकेचाळीस. काही वर्षांपूर्वीचा. सगळ्या तक्त्यातला तोच सर्वांत मोठा. जेठानंदांचं म्हणणं, तो आकडा चुकीचा आहे, तक्त्यात जाता कामा नये.

मला तो फोन आठवत होता. भाऊजी गेल्यानंतरचं ताईचं पहिलं मोठं हसू मी त्या सकाळी ऐकलं होतं. "एकेचाळीस, अगं! ऑक्टोबरात! मी जग जिंकलं!" तिला आता स्वतःची बाजू मांडता येणार नव्हती. मी पिशवी भरली.

बदलापूर

प्रवासातला कंटाळा वगळते. पोचले तेव्हा दुपार होती, आणि वाईच्या माणसाला ऑक्टोबरातली ती दुपार म्हणजे तव्यावरून हात फिरवावा तशी. आमच्याकडे या दिवसांत सकाळी कृष्णेवर धुकं असतं. इथं अंगणातल्या दोरीवर टाकलेली ओढणी मी चहा पिऊन येईस्तोवर वाळली होती. दसरा होऊन गेला होता, दारावरच्या तोरणातला झेंडू कागदासारखा कुरकुरत होता.

भाच्याची बायको सायली नोकरीवरून लवकर आली होती. "मावशी, पेटी बघायची असेल ना आधी? चप्पल घालूनच जा, फरशी चटका देते."

पेटी बघून मी थबकले. दारावर हळदीकुंकवाची बोटं. वर एक फूल. पायाशी तांदळाचे चार दाणे.

"हे कोणी?"

"चांगुणाबाई," सायली हसली. "शेजारच्या. सांगून थकलो आम्ही. आई म्हणायच्या, राहू दे, कुंकवानं पारा चढत नाही."

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "टीचरची भन का ही? हुबेहूब टीचरवानी दिसते गो!" चांगुणाबाई मूळच्या चामटोलीच्याच, साठीच्या आसपास, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टीचर परीस बारीक हाव तुमी. आज माझ्याकरं जेवाला या. बोंबील चालतान ना?"

आमच्याकडे दुखवट्याच्या घरच्या माणसाशी वर्षभर हळू आवाजात बोलतात आणि त्याच्या ताटात आग्रहानं काही वाढत नाहीत. चांगुणाबाईंनी तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि वालाचं बिरडं वाढलं, आणि ताई कशी तिखटानं रडायची पण ताट सोडायची नाही, हे मोठमोठ्यानं सांगितलं. मीही रडले. तिखटानंच, पण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्यांदा मी पेटीचं दार उघडलं. आत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचेची नळी, तिच्यात पारा. पारा चढताना एक बारीकशी पोलादी सुई पुढं ढकलतो आणि उतरताना तिला तिथंच सोडून येतो. म्हणून माणूस झोपेत असला तरी दिवसातला सगळ्यात गरम क्षण सुई धरून ठेवते. बघून झालं की लोहचुंबकानं सुई परत पाऱ्यापाशी आणायची. पुस्तकात हे मी शंभरदा वाचलं होतं. प्रत्यक्ष चुंबक धरल्यावर सुई माझ्या बोटामागून काचेतून खाली सरकत आली तेव्हा मी लहान मुलीसारखी "आली, आली" असं ओरडले.

अंबरनाथ

गायकवाड कारखान्यात उपकरणं तपासण्याच्या खात्यात होते. निवृत्त झाले तरी तपासणं सुटलेलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, "थर्मामीटर घेऊन या. पहिले त्याची परीक्षा. मग भांडण." म्हणून थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत उभा ठेवून मी रिक्षानं अंबरनाथला गेले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी उचलून धरत होते.

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काकू, अंडी आहेत काय?"

"थर्मामीटर आहे."

"मग ठीक," तो म्हणाला आणि आणखी जोरात निघाला.

गायकवाडांच्या बैठकीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट आणि कपाटावर तीन घड्याळं. तिन्ही एकच वेळ दाखवत होती. "यातलं एक चुकलं तर बाकीची दोन सांगतात," ते म्हणाले. घरात त्यांनी बादली तयार ठेवली होती. बर्फ मासळीबाजारातून आणलेला, त्यामुळे वास सुरमईचा. थर्मामीटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही त्या कुटलेल्या बर्फात उभा केला. वितळणाऱ्या बर्फात पारा शून्यावर आला पाहिजे. आला तर यंत्र खरं, नाही तर ताईचे सगळेच आकडे संशयात.

"बसा मॅडम. चहा घ्या. उभं राहून लवकर थंड होत नाही."

मी बसले नाही. पारा उतरत होता. दहाच्या खाली आल्यावर मला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. दोन. एक. आणि मग शून्याच्या रेघेवर, केसाइतकाही इकडे तिकडे नाही, तो थांबला.

"शून्य!" मी ओरडले.

"कडक!" गायकवाड ओरडले. आतून त्यांची नात विचारत आली, "आजोबा, इंडिया जिंकली काय?"

त्या आनंदात आम्ही शिवमंदिर बघायला गेलो. ताईबरोबर इतक्यांदा येऊन ते मी कधी नीट बघितलं नव्हतं. भिंतीवर बोटभरसुद्धा जागा मोकळी नाही. दगड दुपारभर तापलेला, पण गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेलं की एकदम गारवा, विहिरीत उतरल्यासारखा. गायकवाड देवळात हात जोडत नाहीत, पण त्या गारव्यात बराच वेळ उभे राहिले. "टीचर मुलांना इथं आणायच्या," ते म्हणाले. "बाहेर किती, आत किती, मोजायला लावायच्या. पुजारी वैतागायचा." मग बाहेर येताना म्हणाले, "बघा, यंत्र खरं निघालं. आता जेठानंद काय बोलतो बघू. तो पण खोटं बोलणारा माणूस नाय, सांगून ठेवतो."

उल्हासनगर

आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी. उल्हासनगरात जेठानंदांच्या दुकानात शिरले तर आधी भाजलेला पापड आणि पाणी. उन्हातून आलेल्याला मीठ पाहिजे, हे त्यामागचं शहाणपण मला पापड संपल्यावर कळलं. मग त्यांनी समोरून दाल पकवान मागवलं. कडक तळलेली मोठी पुरी आणि वर चण्याची घट्ट डाळ, कांदा, चिंच. वाईला सकाळी कोणी असं खाल्लं तर दुपारी डॉक्टर लागेल. मी दोन खाल्ली.

जेठानंद ओढण्या आणि ड्रेसच्या कापडाचे व्यापारी. सत्तरी ओलांडलेले, केस रंगवलेले, बोलणं तीन भाषांतून वाहणारं. ताईला ते 'अदी' म्हणत. सिंधीत अदी म्हणजे मोठी बहीण.

"अदीची बहीण, म्हणजे आमची पण अदी," ते म्हणाले. "पण सुनो, आकडा गलत आहे. अदी के सामने पण बोललो, तुमच्या सामने पण बोलतो."

"थर्मामीटर बर्फात शून्य दाखवतो. गायकवाडांनी काल तपासला."

"अरे साईं, थर्मामीटर सही असेल. हवा का क्या?" त्यांनी मला गच्चीवर नेलं. त्यांची पेटी तिथं, पाण्याच्या टाकीपासून लांब, पांढरीशुभ्र. "ये देखो. उस दिन शामको असा वारा सुटला, ढग आले. खाली माझ्या ओढण्यांची दोरी होती. सगळ्या ओढण्या उडाल्या. लाल, पिवळ्या, पूरा रस्ता होळी! माझा नोकर स्टेशनपर्यंत धावला. ऐसे दिन माझ्या इथं साडेपस्तीस, गायकवाडकडे छत्तीस, और बदलापूरला एकेचाळीस? कैसे?"

"वादळाआधी तलखी होते. ताई म्हणायची, घाटाच्या पायथ्याला ती जास्त होते."

"पाच डिग्री?" त्यांनी हात जोडले. "अदी खूप शिकलेली. लेकिन पाच डिग्री नाही."

मी विचारलं, "ताईचा आकडा गेला तर सात ऑक्टोबर कुणाचा?"

जेठानंद जरा लाजले. "मेरा. साडेअडतीस. दुसऱ्या एका वर्षाचा. पर कसम से, त्यासाठी नाही बोलत." मग त्यांना राहवेना. "मेरा एक आकडा अदीने काटला होता, मालूम? बोली, बाजूवाल्याच्या एसीची गरम हवा तुमच्या पेटीवर येते. मैं लडा. मग स्वतः उभा राहून बघितलं. हवा येत होती. पेटी इकडे सरकवली. तेव्हापासून एक आकडा गलत बघवत नाही. अदीनेच बिघाडा मेरे को."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि गायकवाडांनी बदलापूरला येऊन पेटी बघायची असं ठरलं. पेटीजवळ भिंत, एसी, चूल, काही तापवणारं नसेल तर आकडा राहील. जेठानंदांनी शब्द दिला. परतताना मी मनातल्या मनात अंगण डोळ्यांपुढे आणत होते. भिंत लांब. एसी नाही. चूल नाही. आम्ही जिंकणार होतो.

पुन्हा बदलापूर

सहा तारखेला उन्हं कलल्यावर दोघं आले. जेठानंदांनी खिशातून कापड मोजायची फीत काढली आणि पेटी ते भिंत, पेटी ते झाड, पेटी ते जमीन असं सगळं मोजलं. गायकवाड गुडघ्यांवर बसून पेटीखाली बघत होते. सायलीनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं. जवळ तापवणारं काही नाही, पेटी अगदी पुस्तकात असावी तशी उभी होती. मी सरबत हातात तसंच धरून फितीवरचे आकडे वाचत होते.

जेठानंदांनी फीत गुंडाळली. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं, कोडं न सुटल्याचं होतं. "लेकिन उस शाम की वो हवा, वो बादल... मेरे दुपट्टे..."

कुंपणाशी चांगुणाबाई हे सगळं बघत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दसऱ्याच्या आधीचा वारा ना? ढग आलतं तो? मना ठावं हाय तो दिस. माझा दिवा र्‍हातच नव्हता."

"कसला दिवा?" गायकवाडांनी विचारलं.

चांगुणाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पेटीकडे. "आता टीचर नाय. माझा पोर पन चांगला हाय. आता सांगाला हरकत नाय." त्यांनी पदर खोचला. "त्या सालाला आमी गावातना इथं नवीन आलतो. पोराला कावील झालती, डोलं हलदीवानी पिवलं. टीचर रोज सकाली यायची, दार उघरायची आन वाकून बघायची. शिकलेली बाय रोज वाकते, म्हंजे आत देव हाय. मी नवस केला. नवरात्राचं नव दिस संध्याकाली पेटीखाली दिवा. टीचर तवा अंबरनाथला शिकवाला जायची, रातीला यायची, तवर तेल सरून दिवा इझायचा. नवस सांगायचा नसतो, म्हून टीचरला बोलली नाय. सकाली उजारायच्या आधी उचलून, पुसून घ्यायची."

"आणि त्या वाऱ्याच्या दिवशी?" मी विचारलं.

"खाली इझत व्हता. मंग मी दार उघरला न आत ठेवला."

थर्मामीटरसमोर थेट झुकल्याशिवाय आकडा दिसत नाही, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणावे लागतात. ताईच्या त्या झुकण्याला एका आईनं नमस्कार समजलं होतं.

गायकवाड हळूच म्हणाले, "करून बघायला पाहिजे."

चांगुणाबाईंनीच दिवा आणला, तोच आकार, तेवढंच तेल. मी चुंबकानं सुई पाऱ्यापाशी आणली. दिवेलागणीची वेळ होती, पारा तिशीच्या जरा वर. दिवा आत ठेवून दार लावलं आणि आम्ही पाचही जण पेटीभोवती उभे राहिलो. झडपांतून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी अंगणात पडला. खरं सांगते, ते इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर मलाही वाटलं, आत देव असावा.

गायकवाडांनी खूण केली. दार उघडलं. सुई एकेचाळीसच्या रेघेवरून पुढं निघून गेली होती.

मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल. वाटलंही. पण त्याआधी, एका क्षणापुरता, मला तोच आनंद झाला जो शून्य बघून झाला होता. कोडं सुटलं होतं. पाच अंश कुठून आले ते कळलं होतं. ताई तिथं असती तर तिनं आधी टाळी वाजवली असती आणि मग खोडरबर मागितलं असतं.

चांगुणाबाईंना मात्र सगळ्यांचे चेहरे बघून कळलं. "म्हंजे माझ्यान टीचरचा खोटा परला?" त्यांचे डोळे भरले. "मी काय वाईट केला का गो बाय?"

"पोराची कावीळ गेली ना?" मी विचारलं.

"गेली."

"मग ताईच्या पेटीनं त्या वर्षी आणखी एक काम केलं. तिला सांगितलं असतंत तर ती चिडली असती, पण दिव्याला काच आणून दिली असती."

जेठानंद घसा खाकरून म्हणाले, "राहू दे. एकेचाळीस राहू दे. अदी गेली, आता काटायचं काय? मला नको असा सात ऑक्टोबर."

"तुमचा आकडा तिनं खोडला होता ना?"

"वो तो एसी था!"

"हा दिवा आहे."

"अरे, श्रद्धा की बात है..."

"श्रद्धा राहील. आकडा जाईल," मी म्हणाले. मी इतकं ठाम बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. ग्रंथालयात असं बोलायची वेळ फारशी येत नाही. तक्त्याच्या कच्च्या कागदावर मी एकेचाळीसवर रेघ ओढली आणि पुढं लिहिलं: साडेअडतीस, उल्हासनगर, जेठानंद.

तेव्हा गायकवाडांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, उद्या तारीख काय?"

उद्या सात ऑक्टोबर होती.

आकाश आठवडाभर कोरडं होतं. वारा पूर्वेकडून, घाटावरून, सुका. रोज पारा थोडा थोडा चढत होता. तक्ता अजून पक्का झाला नव्हता. उद्याच्या दिवसाला साडेअडतीस ओलांडता आलं तर सात ऑक्टोबर पुन्हा बदलापूरचा, आणि या वेळी खराखुरा.

"आता मजा आली," जेठानंद म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "अब खेल शुरू!"

सहा तारीख आम्ही आमच्या दिव्यानं खराब केली होती; ताईच्या रोजच्या नोंदवहीत तिथं मी एक आडवी रेघ काढून ठेवली.

सात ऑक्टोबर

ताईचा नियम होता, पेटी दिवसातून एकदाच उघडायची. सारखं दार उघडलं की आतली हवा बिघडते. सकाळी सातला चुंबकानं सुई पाऱ्यापाशी आणून मी दार लावलं. त्यामुळे त्या दिवशी मला सगळ्यात कठीण काम होतं ते न बघण्याचं. घरात राहिले असते तर बघितलं असतं, म्हणून चांगुणाबाईंबरोबर चामटोलीकडे चालत गेले. वाटेवर नव्या इमारती आणि त्यांच्यामधे अडकलेली भातखाचरं. भात सोनेरी झालेलं, काही ठिकाणी कापणी सुरू. कापणाऱ्या बायका दर थोड्या वेळानं सावलीला येत होत्या.

"लय गरम," एक म्हणाली.

"आनखी होऊंदे," चांगुणाबाई म्हणाल्या. "ही बाय शर्यत लावून बसलीय."

"उन्हाशी?"

"उल्हासनगराशी!"

सगळ्या हसल्या. त्यातल्या एकीनं मला काकडी दिली आणि म्हणाली, "मंग तुमच्यासाठी आज आमी भाजतो." आमच्याकडे ऊन वाढलं की लोक उन्हाला शिव्या देतात. त्या दुपारी मी डोक्यावर ओला रुमाल ठेवून त्याला प्रोत्साहन देत होते. दुपारी जेठानंदांचा फोन आला, "इधर तो जल रहा है! तिकडे?" मी म्हटलं, "पेटी बंद आहे." ते म्हणाले, "शाबास. मैने भी नाही देखा." थोड्या वेळानं पुन्हा फोन. "सच में नाही देखा?"

आठ तारखेला सकाळी सातला मी अंगणात गेले. सायली पातेलं गॅसवर तसंच सोडून मागं येऊन उभी राहिली. चांगुणाबाई कुंपणाशी. मी दार उघडलं, झुकले, डोळे सुईच्या रेषेत आणले. मग सरळ उभी राहिले, डोळे मिटून उघडले आणि पुन्हा झुकले.

फोन लावला.

"बोलो, अदी."

"अडतीस."

"फिर से देखो."

"दोनदा पाहिलं."

"नजर सीधी होती?"

"सरळ होती. बरोबर अडतीस. तुमच्याकडे काल काय?"

"सदतीस. गायकवाडकडे पण तेवढंच. पर रेकॉर्ड तो... रेकॉर्ड मेरा राहिला?"

"तुमचा राहिला. साडेअडतीस."

त्यांनी दुकानात सिंधीतून काहीतरी आरोळी ठोकली. मागून चार माणसांचा गलका ऐकू आला. मग ते एकदम दबक्या आवाजात म्हणाले, "अदी, बुरा तो नहीं लगा?"

"लागलं," मी म्हटलं. "अर्ध्या अंशाएवढं."

फोन ठेवला तर चांगुणाबाई विचारत होत्या, "काय झाला? जिकलाव?"

"नाही. हरलो."

"मंग हसताव कशाला?"

मी हसत होते हे मला तिथं कळलं. मी चुंबक घेऊन सुई खाली आणली आणि कच्चा तक्ता काढून पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. आठ ऑक्टोबर, बदलापूर, ताईचं नाव. हा आकडा त्या नवसाच्या वर्षाचा नव्हता, वाऱ्याचा नव्हता, दिव्याचा नव्हता. तो ताईचा होता, आणि कालच्या अडतीसपेक्षा फार वर नव्हता. म्हणजे आज तो मोडला जाण्याची शक्यता होती. मोडला तर कुणाकडून? अंगणात, या पेटीत, मी वाचलेल्या आकड्याकडून. तो राहावा असं वाटावं की मोडावा असं, हे मला ठरवता येईना. पूर्वेला ऊन कुंपणावर आलं होतं आणि हवा आदल्या दिवशीइतकीच कोरडी होती.

दुपारच्या बसचं माझं तिकीट काढलेलं होतं.

"सायली," मी म्हटलं, "बसचं तिकीट उद्याचं करून मिळेल का, बघ जरा."